टोळीतली माझी जागा
हळदीच्या पोत्यांचा वास आला की मला वसमतचं मित्राच्या वडिलांचं गोदाम आठवतं. त्यामागच्या पत्र्याच्या खोलीत, जुन्या कॉम्प्युटरवर आम्ही दोस्त एक जपानी खेळ खेळायचो. पडद्यावर नुसता अंधारा बोगदा पुढं सरकायचा आणि त्यात उतरणाऱ्या टोळीतल्या गड्यांना आम्ही आमचीच नावं दिली होती. माझ्या नावाचा गडी वैद्य होता, सगळ्यांच्या जखमा तोच भरायचा. एकदा बाळापूरच्या लग्नाहून परतलो, तर टोळीत माझ्या जागी कॉम्प्युटरला नवा मॉनिटर घेऊन आलेल्या एका पोराचं नाव. "माझा गडी कुठं गेला?" मी विचारलं. "पुसला. मारामारीत काय कामाचा न्हाई," मित्र पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "काहून रुसून राहिला? खेळच तर हाय." बाकीचे हसले. मी परत त्या खोलीत गेलो नाही, कुणी बोलवायलाही आलं नाही. इतक्या वर्षांनी काल त्या खेळाचा रिमेक आला. हरखलेल्या मित्रानं लगेच पडद्याचा फोटो पाठवला, "आपली जुनी टोळी परत जमवली रे! सगळी नावं तीच!" मी ती नावं वाचली. माझ्या जागी अजून मॉनिटरवालाच आहे.