ओल्या रंगावरची साखर

जोतीराम खाडे चिडला की ओरडायचा नाही, अहोजाहो करायचा. जन्मभर फौंड्रीत राबलेला माणूस. घरापुढचं लोखंडी कुंपण त्यानं स्वतः वेल्डिंग केलेलं, आणि दर दसऱ्याआधी गंज खरवडून तो त्याला हिरवा ऑइलपेंट द्यायचा. खरवडायला मुलगा असायचा, राजवर्धन. चार वर्षांपूर्वी त्यानं जातीबाहेरच्या दीक्षाशी लग्न केलं, तेव्हापासून बाप एकटाच खरवडत होता.

यंदा निम्मं कुंपण रंगवून होतंय तोच राजवर्धन धावत आला आणि त्यानं ओला गजच धरला.

"आबा, मला मुलगी झाली!"

जोतीरामचा ब्रश थांबला. नातीचं तोंड बघावं असं त्याला क्षणभर वाटलं, आणि त्या वाटण्याचाच संताप आला.

"लई ग्वाड बातमी आणलासा, पावणं," तो म्हणाला. मग बायकोला हाक मारली, "अगं, पावण्यांच्या हातावर साखर ठेव. कुंपणावरनंच."

अंबूबाईनं पोराच्या हिरव्या तळहातावर साखर ठेवली. ती रंगात रुतून बसली.

जोतीरामनं ब्रश बुडवला आणि गजावरचे मुलाच्या बोटांचे ठसे बुजवले.

"जपून जावा, पावणं. रंग वला हाय."