पाळकीणबाईंचा तांदळाचा डबा

शशिकला उजागरे यांना कामोठ्याच्या ख्रिस्ती मंडळीत कुठलंच पद नव्हतं, आणि त्यांच्याशिवाय तिथलं पानही हलत नव्हतं. नर्स म्हणून उभा जन्म इस्पितळात गेला. निवृत्त झाल्या, नवरा देवाघरी गेला, लेक ऋचा बंगळुरात रमली, तरी बाईंचा राउंड काही संपला नाही. कोण जेवलं, कोण नुसतंच चिवडून उठलं, कुणाचा चेहरा उतरलाय, सगळं त्यांना लांबून दिसायचं. आणि दिसलेलं पोटात ठेवायची सवय नव्हती. एवढं सोडलं तर बाई लाख मोलाची.

मंडळी म्हणजे ट्यूशन क्लासच्या डोक्यावरचा एक भाड्याचा हॉल. केरळवाले खिडकीपाशी, तेलुगू मागच्या भिंतीला, तमिळ दाराजवळ, उलव्याच्या बांधकामांवरची ओडिया पोरं जिन्यापर्यंत, आणि आपले मराठी पंख्याखाली, कारण हॉल आधी त्यांनी शोधला होता. उपासना हिंदीत, प्रार्थना ज्याची त्याची. चहा एकाच पातेल्यातला, पण प्यायचा आपापल्या कोंडाळ्यात. या मंडळीनं याआधी दोन मिशनरी जोडपी पळवून लावली होती. मुद्दाम कुणीच नाही, पण रोज पाच भाषांतले रुसवेफुगवे काढायचे म्हणजे माणूस थकतोच की.

मग मिझोरामहून नवा पाळक म्हणून रुआता आणि त्याची बायको पुई आले. त्यांची खरी नावं बरीच लांब होती, पण शशिकलाबाईंनी पहिल्याच दिवशी त्यांना कात्री लावली. वर्षभर बघू, मग कायम ठेवायचं की नाही ते ठरवू, असं कमिटीनं सांगितलं. म्हणजे कमिटीचे सेक्रेटरी वर्गीससाहेब यांनी सांगितलं. निवृत्त बँकवाले, शिस्तीचे, हसले तर कुठेतरी नोंद होईल अशा बेताचे.

शशिकलाबाईंनीही सुरुवातीला नाकच मुरडलं. "इतकं हळू बोलतात, यांचं आपल्यात कोण ऐकणार?" पण पुईचं स्वयंपाकघर बाईंच्या स्वयंपाकघराच्या बरोबर समोर, हात लांबवला तर मिठाची वाटी देता येईल इतकं जवळ. खिडकीतूनच ती भाकरी थापायला शिकली. बाईंना तापानं घेरलं तेव्हा उशाशी येऊन बसली, पट्ट्या बदलल्या, पेज भरवली. आयुष्यभर दुसऱ्यांची सेवा केलेल्या बाईला असं कुणी कधी भरवलं नव्हतं. त्या दिवसापासून पुई बाईंची झाली. आणि वर्ष संपत आलं तसा बाईंच्या जिवाला घोर लागला. ही पोरं गेली तर?

नेमकं तेव्हाच त्यांना खिडकीतून ते दिसलं. पुई भातासाठी वाटीनं तांदूळ काढायची आणि पातेल्यात टाकण्याआधी त्यातले मूठभर परत काढून एका डब्यात ठेवायची. सकाळी तेच, संध्याकाळी तेच. बाईंनी निदान करून टाकलं. पोरं तांदूळ पुरवून पुरवून खातायत, मुठीमुठीनं पोट मारतायत. आणि लाजेनं बोलत नाहीत.

बाईंनी हे फक्त वर्गीसबाईंना सांगितलं. अगदी विश्वासात घेऊन. त्या मंडळीत साध्या सूचनेचंही चार वेळा भाषांतर करावं लागायचं, पण ही बातमी मात्र आपली आपण पाचही भाषांत पोचली. शनिवारी पाळकांच्या दारात पिशव्यांची रांग लागली. केरळवाल्यांचा जाडा लाल तांदूळ, तेलुगूंचा बारीक सोना मसुरी, तमिळांचा इडलीचा, मराठी घरांतून इंद्रायणी. ओडिया पोरांनी तर साइटवरच्या आपल्या पोत्यातला पिशवीभर आणून दिला. बाई खिडकीतून बघत होत्या आणि त्यांचा ऊर भरून आला होता.

वर्गीससाहेबांचा पारा मात्र चढला. त्यांनी रुआताला गाठलं. "पगार मिशन देतं, घरभाडं आम्ही देतो. मग उपाशी कसे? लोकांना काय सांगत फिरता तुम्ही?"

"आम्ही कुणाला काही नाही सांगितलं," रुआता म्हणाला. त्याला भांडता येत नव्हतं. तो घरी आला आणि दोघांनी ठरवून टाकलं.

दुपारी पुई बाईंचा तवा परत करायला आली. चांगला घासून, पुसून. "मावशी, उद्या उपासनेनंतर हे सांगतील. आम्ही जातो."

"जातो म्हणजे?"

"कुणीतरी सांगितलं आम्ही उपाशी आहे. कोण, माहीत नाही. आमच्या गावात कळलं ना, की पाळकानं भाताची तक्रार केली, तर माझी आई चर्चमध्ये मान वर नाही करणार."

बाईंच्या हातातला तवा एकदम जड झाला. गप्प बसायची ती वेळ होती, पण गप्प बसणं त्यांना कधी जमलंय? "मग रोज भातातला मूठभर तांदूळ काढून कशाला ठेवतेस गं?"

पुईनं बाईंकडे पाहिलं. मग समोरच्या आपल्या खिडकीकडे पाहिलं. बाईंची मान आपोआप खाली गेली.

पुई तशीच घरी गेली आणि डबा घेऊन आली. काठोकाठ भरलेला.

"आमच्याकडे सगळ्या बाया ठेवतात. भात लावताना एक मूठ देवाची. माझी आई पण. पोरी दर आठवड्याला घरोघर जाऊन गोळा करतात, चर्च ते विकतं. त्याच्यातून आमच्यासारख्या लोकांना लांब पाठवतात." तिनं डब्यावर हात ठेवला. "आमचा पगार तोच आहे, मावशी. मी पण ठेवते. फक्त इथं कुणाला द्यायचा, ते समजलं नाही."

म्हणजे डोंगरातल्या कुठल्या कुठल्या बायांनी घासातला घास काढला होता, म्हणून ही पोर कामोठ्यात येऊन आपल्या उशाशी बसली होती. आणि आपण काय केलं, तर गावभर तिची कीव केली. बाईंना स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. त्यांनी पुईला जवळ ओढलं आणि मनसोक्त रडून घेतलं.

रविवारी उपासना संपली, रुआता बोलायला उठला. पण त्याआधी बाई डबा घेऊन पुढे उभ्या राहिल्या होत्या. "बस रे तू. जीभ माझी होती, यांची नव्हे. यांनी कुणाकडे हात पसरलेला नाही. मला दिसलं अर्धं आणि मी सांगितलं दुप्पट." मग त्यांनी मुठीची गोष्ट सांगितली. वर्गीसबाईंनी ती मल्याळममध्ये सांगितली, मग तेलुगूत कुणी, ओडियात कुणी. शेवटच्या पोराला कळेपर्यंत हॉलमध्ये कुणी हललं नाही.

"आता त्या पिशव्या आणा," बाई म्हणाल्या, "प्रत्येकीतली एकेक मूठ."

डब्यातला आणि पिशव्यांतला तांदूळ चहाच्या मोठ्या पातेल्यात पडला. अर्थात व्हायचं तेच झालं. लाल तांदूळ शिजेपर्यंत इंद्रायणीचा पार लगदा झाला. बाया हळहळल्या, पण पुईनं शांतपणे पाणी वाढवलं, आलं आणि कोंबडीचे तुकडे टाकले. आमच्याकडे सॉचिआर म्हणतात, ती म्हणाली. ही तर आपली पेजच की, मराठी बाया म्हणाल्या. केरळवाल्या म्हणाल्या कंजी, तेलुगू म्हणाल्या गंजी. ताटल्या घेऊन माणसं जिथं जागा मिळाली तिथं बसली, आणि पहिल्यांदाच पंख्याखाली कोण बसलंय ते कुणी बघितलं नाही.

वर्गीससाहेबांनी दोनदा घेतलं. "मीठ कमी आहे," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी मी बघतो."

रुआतानं चाचरत विचारलं, "साहेब, ते वर्षाचं..."

"कसलं वर्ष?" साहेब म्हणाले, आणि ताटली धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शशिकलाबाईंनी भात लावायला घेतला. एकटीपुरती वाटी. त्यातले मूठभर तांदूळ काढून रिकाम्या डब्यात टाकले आणि सहज वर पाहिलं. समोर पुई खिडकीला टेकून, हनुवटीखाली हात घेऊन, त्यांच्याचकडे बघत होती.

"मावशी," तिनं हाक मारली, "घरात तांदूळ कमी पडले का? वर्गीसबाईंना सांगू?"