सुनेचा पाठीमागचा हात आणि पानिपतची फेरी

आणि चहासुद्धा एकाच हातानं! दुसरा हात पाठीमागे, कमरेवर. माझी सून शुभांगी लग्न होऊन आली तेव्हा अशी नव्हती. पानिपतच्या पुढे त्या जुन्या बॅटऱ्या खोलायच्या कारखान्यात नोकरीला लागली आणि हे सुरू झालं. गिझरचं बटण दाबताना एक हात मागे, मिक्सर लावताना मागे. ते मी चालवून घेतलं. पण पौर्णिमेला वर्ध्याचे पाहुणे बसलेले, वंदना सुरू व्हायची, आणि ही बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लावते ती एका हातानं, दुसरा पाठीमागे! माझी नणंद कानात म्हणाली, "वहिनी, सून साहेब झाली वाटतं." मला कुठे तोंड लपवू असं झालं.

वर दिवसभर फोन बंद. सोमवार ते शनिवार तिथेच कंपनीच्या खोलीत राहते, रविवारी दिल्लीत सरोजिनी नगरला घरी. त्यात आता तपासणीच्या टेबलाची मुख्य करणार म्हणतात. हो की नाही ते तिनं येत्या शनिवारी सांगायचं. माझ्या मुलाला, अमोलला, ते बिल्कुल नको. मागच्या आठवड्यात तो म्हणाला, "आई, या शनिवारी त्यांनी घरच्यांना कारखाना बघायला बोलावलंय. तू जा आणि राजीनामा द्यायला लावून तिला घेऊनच ये."

"तू का नाही जात?"

"मला ऑफिस असतं ना यार."

"शनिवारी?"

तो मोबाईलमध्ये बघायला लागला. मग मी पिशवी भरली.

पानिपतला चालले म्हटल्यावर शेजारचे देशपांडेकाका म्हणाले, "वहिनी, मराठी माणसानं पानिपतला जपून जावं." मी म्हटलं, मी लढायलाच चाललेय.

ज्यांना जायचंय त्यांनी ऐका. सरोजिनी नगरहून गुलाबी मेट्रोनं आयएनए, एकच स्टेशन. तिथे पिवळी पकडून काश्मिरी गेट. वर बसअड्ड्यावर हरियाणा रोडवेजची बस सारखी सुटते. सकाळी डाव्या खिडकीला बसा, उजवीकडे ऊन डोळ्यांत येतं. तिकीट दोनशेच्या आत, पण सुट्टे ठेवा, नाहीतर कंडक्टर तोंड सोडतो. मुरथलला पराठ्यांचा वास आला म्हणून मी म्हटलं, भैया, जरा रोको. तो म्हणाला, "माताजी, ये रोडवेज है, बारात की बस नहीं." अख्खी बस हसली. पराठा राहिला.

पानिपतला उतरून ई-रिक्षा केली. कारखान्याचं नाव सांगितलं तर रिक्षावाला म्हणाला, "अच्छा, वो मरी हुई बैटरी वाली?" मला बरं वाटलं. मेलेल्याच आहेत तर भीती कशाची?

गेटवर मात्र माझी वरात निघाली. अंगावर लोखंड, सोनं, चांदी काही चालत नाही. बांगड्या काढा, जोडवी काढा, केसांतले आकडे काढा. हे गेल्यापासून त्यांचं घड्याळ मी मनगटावरून उतरवलं नव्हतं, तेही काढा. आणि शेवटी साडीच्या पिना! बायांनो, आमची अर्धी अब्रू पिनांवर उभी असते. मी भांडले. गेटवरची पोरगी शांतपणे म्हणाली, "आंटी, एक पिन भी चिंगारी कर देती है," आणि तिनं माझा पदर चिकटपट्टीनं खांद्याला चिकटवून दिला. तुम्ही गेलात तर सलवार-कुर्ता घाला.

तेवढ्यात शुभांगी आली. जाड कपडे, डोळ्यांवर चष्मा. मी काही बोलायच्या आत तिनं माझ्या हातातून घड्याळ घेतलं, आपल्या रुमालात गुंडाळलं, तिच्या कपाटात तिच्या मंगळसूत्राशेजारी ठेवलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. "किल्ली तुमच्याकडेच ठेवा आई. प्लास्टिकची आहे, चालते." मी उगाच म्हटलं, "बरं बरं."

आत जमिनीवर पिवळी रेघ. घरच्यांनी रेघेच्या अलीकडे उभं राहायचं. पलीकडे पलंगाएवढी एक पेटी होती, कुठल्यातरी विजेवरच्या गाडीच्या पोटातून काढलेली. आत सगळे सेल. शुभांगीनं रबरी हातमोजा घेतला, मनगटाकडून गुंडाळत आणला, तशी त्यात हवा कोंडून तो पुरीसारखा फुगला. मग तिनं तो गालाजवळ धरला. डोळे मिटले. तान्ह्या बाळाचा श्वास बघावा तशी. मी बाजूच्याला विचारलं, हे काय? तो म्हणाला, कुठे सुईएवढं भोक असलं तर हवा गालाला लागते. दर वेळी घालायच्या आधी बघायचं.

पेटीवर चिठ्ठी होती, डिस्चार्ज झाली म्हणून. शुभांगीनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. ती मशीन लावून आत किती वीज उरलीय ते मोजायला लागली, आणि तेव्हा मला दिसलं. एक हात पुढे. दुसरा पाठीमागे, कमरेवर.

"अगं, तो हात!" मी ओरडलेच.

तिच्यामागे दोन पावलांवर एक हरियाणवी बाई पिवळी आकड्याची काठी घेऊन उभी होती. नाव सुनीता. ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "माताजी, दोनों हाथ लगे तो करंट एक हाथ से घुसके दूसरे से निकलता है. बीच में दिल पड़ता है."

मला मेणबत्ती आठवली, मिक्सर आठवला, चहा आठवला. आणि ही पोरगी एका शब्दानं बोलली नाही! बोलायला नको का?

मोजून झाल्यावर शुभांगी सगळ्यांना सांगायला लागली, "काल हिला रिकामी केली होती. पण पडून राहिली की परत थोडी उठून बसते. म्हणून मेलीय असं कधी धरायचं नाही."

मी म्हटलं, "आमचा टॉर्चचा सेल असाच. संपला की उन्हात ठेवायचे, की परत दोन दिवस चालायचा."

सगळे हसले. ती नाही हसली. "अगदी तसंच आई. फक्त ही उठली तर चावते." ती पेटी तिनं पुढे जाऊच दिली नाही, परत रिकामी करायला पाठवली.

मी सुनीताला विचारलं, "आणि तुम्ही काठी घेऊन कशाला?"

"इसे करंट पकड़ ले तो डंडे से खींचूँगी. हाथ लगाया तो मैं भी चिपकूँगी." मग पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. "आपकी बहू मेरे ज़िम्मे है. फिकर मत करो."

संध्याकाळी शुभांगीच्या खोलीवर गेले. लहान खोली, स्वच्छ. आम्ही माझ्या डब्यातल्या भाकरी आणि ठेचा खाल्ला. कोपऱ्यात तिची बॅग भरलेली होती.

"कुठे चाललीस?"

"तुम्ही मला न्यायला आलात ना?" ती म्हणाली. "मला माहीत आहे. राजीनामा पण लिहून ठेवलाय. काम मला आवडतं आई, पण अमोलशी रोज फोनवर भांडायचा जीव नाही राहिला. तो म्हणेल तसं."

मी हातातला घास परत डब्यात ठेवला. पेटी रिकामी झालीय की नाही हे ही दहा वेळा मोजते, आणि हिला कोणी मोजत नाही.

मी म्हटलं, "बॅग राहू दे. चहा ठेव. आणि एका हातानंच दे."

ती आधी हसली, मग पदर नव्हता म्हणून माझ्याच पदरानं डोळे पुसले. चिकटपट्टी अजून तशीच होती, तिनं हळूच सोडवली.

त्या रविवारी तिला जादा ड्यूटी लागली होती, मी एकटी परतले. पानिपतच्या बाजारातून एक जाडजूड खेस घेतला, थंडीत दोघं पांघरतील एवढा मोठा. पचरंगी लोणचंही घेतलं, ते नक्की घ्या. परतीचा बसवाला भला होता, मुरथलला थांबला. बटाट्याचा पराठा, वर पांढऱ्या लोण्याचा गोळा. एक पुरे होतो, दोन सांगू नका.

घरी येऊन आता दोन दिवस झाले. घड्याळ परत मनगटावर आहे. आज सकाळी मिक्सर लावला तर माझाच डावा हात पाठीमागे गेलेला. अमोल हसला, "आई, तू पण?" आणि तिला का आणलं नाहीस म्हणून परत सुरू झाला. त्याचं उत्तर इथे लिहूनच देते.

अमोल, माझ्या लेखांना फोटो तूच चढवून देतोस, म्हणजे हे तू वाचणारच. तुझ्या बायकोच्या मागे दोन पावलांवर एक परकी बाई काठी घेऊन उभी राहते, तिला ओढून वाचवायला. तू कुठे उभा आहेस? राजीनामा माझ्या पिशवीत आहे, मी तो आणलाय, तिला परत देणार नाही. शनिवारी तिनं तिथे हो म्हणायचं, आणि त्या दिवशी तू तिथे रेघेच्या अलीकडे उभा असणार की नाही, एवढंच मला सांग. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत. मेसेज नको. स्वयंपाकघरात ये आणि तोंडानं सांग.