विहीणबाई रिव्हर्समध्ये

फेरीबोटीवर गाड्या लावणाऱ्या त्या गृहस्थाला दोन्ही काठांवरचे लोक ‘येऊदे’ म्हणत. बोटीला तोंड एकच असल्यामुळे प्रत्येक गाडी उलटी चढवावी लागे, तरच ती पलीकडे सरळ उतरे. हा गाडीच्या मागे उभा राहून तळवे हलवी आणि ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणत तिला आत घेई. गाडी जागेवर आली की तिच्या पाठीवर दोन थापा मारी. दोन थापा म्हणजे थांबा, हँडब्रेक लावा. पुढे पुढे त्याचा हात घरीही आवरेना. कपाट सरकवून झाले की कपाटाला दोन थापा, जेवण झाले की स्वतःच्या पोटाला दोन थापा.

त्याच्या मुलीचे पलीकडच्या काठावरील एका मुलावर मन बसले होते. मुलगा राजी होता, मुलाचे वडील राजी होते. अडले होते ते मुलाच्या आईपाशी. बाई कापडाचे मोठे दुकान चालवीत. अंगाने भारदस्त, बोलण्यात मोजक्या. मुलीची माणसे कशी आहेत ते पाहीन आणि मगच हो किंवा नाही म्हणेन, असा निरोप त्यांनी धाडला होता.

ती मंडळी ज्या दिवशी येणार होती, त्या दिवशी येऊदेने रजा घेतली. बायकोने त्याला सकाळपासून फैलावर घेतले होते. “आज हात खिशात ठेवायचे. बाहेर काढलेत तर माझ्याशी गाठ आहे,” असे तिने बजावले. मुलीने तर गयावया केली. त्यानेही शब्द दिला आणि पाहुणे दारात आले तेव्हा हात खिशात ठेवूनच त्यांचे स्वागत केले. मुलाच्या वडिलांनी हस्तांदोलनासाठी पुढे केलेला हात तसाच अधांतरी राहिला.

बाहेरची खोली लहान होती. खुर्ची एका बाजूला, काचेचे कपाट दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या फटीत विहीणबाईंसाठी राखलेला कोच. बाई कोचाकडे पाठ करून बसण्यासाठी मागे सरू लागल्या. त्यांचा रोख कपाटाकडे होता. बायकोने डोळे वटारले. त्याने दात आवळले, बोटे खिशातच वळवळली. बाईंचे कोपर काचेपासून वीतभर उरले, आणि मग त्याचे हात त्याचे राहिले नाहीत.

“येऊ दे, येऊ दे,” तो कोचाच्या मागे जाऊन म्हणाला, “जरा डावीकडे घ्या. अजून. सरळ करा. बस्स.”

बाई नेमक्या कोचावर बसल्या. आणि त्यांच्या पाठीवर दोन थापा पडल्या.

मुलीने ओढणीत तोंड खुपसले. बायको कपाळाला हात लावून स्वयंपाकघरात गेली, ती बाहेर येईना. जमत आलेली सोयरीक आपण आपल्या हाताने बुडवली, हे येऊदेला कळून चुकले.

विहीणबाईंनी सावकाश मान वळवली. “हँडब्रेक लावू का?” त्यांनी विचारले.

कोणीच हसले नाही, कारण हसावे की नाही हे कोणाला ठरवता येईना. मग बाईंनीच सांगितले की त्यांच्याकडे गाडी चालवण्याचा परवाना आहे. परंतु गाडी मागे घ्यायची वेळ आली की त्यांचे यजमान शेजारी बसून ‘ब्रेक, ब्रेक’ असे ओरडतात आणि बाईंचे हातपाय गळतात. त्यामुळे परवाना कपाटात पडून होता.

“हिने दोन फाटकं पाडलीत,” यजमानांनी माहिती पुरवली.

“तुम्ही ओरडलात म्हणून पडली,” बाई म्हणाल्या. “आत्ता कोणी ओरडलं का? अलगद लागले की नाही?” आणि त्या उठल्या. पाहुण्यांची गाडी समोरच्या बोळात तोंड घालून उभी होती. ती मागे घेण्यावाचून बाहेर निघणार नव्हती. त्यांनी नवऱ्याकडे किल्ली मागितली.

सगळी वरात बोळात उतरली. यजमानांना लांब उभे करण्यात आले. येऊदे गाडीमागे उभा राहिला आणि एकही शब्द न बोलता केवळ तळव्यांनी त्याने ती गाडी दोन भिंतींमधून लोण्यातल्या केसासारखी ओढून काढली. यजमानांनी डोळे मिटून घेतले होते. ते उघडले तेव्हा गाडी रस्त्यावर होती, आणि मग ती रस्त्यावरही नव्हती. बाई सरळ बोटीच्या धक्क्याच्या दिशेने निघून गेल्या होत्या.

बराच वेळ सर्वजण बोळाच्या तोंडाशी उभे होते. चहा निवला. अखेरीस गाडी परत आली, काचेबाहेर कोपर काढून बाई घामाघूम आणि प्रसन्न.

“तारीख काढा,” त्या येऊदेला म्हणाल्या, “पण व्याही, लग्नाला मी गाडी चालवत येणार. त्या दिवशी बोटीवर माझी जागा धरून ठेवा.”

मुलीने धावत जाऊन त्यांचा हात धरला. यजमानांनी येऊदेला बाजूला घेतले आणि पायी जाणाऱ्यांसाठी वेगळी बोट केव्हा सुटते, याची हळू आवाजात चौकशी केली.