विहिरीला विचारलेला प्रश्न

मुळगावच्या शाळेत मी शिकवत असताना एका पालकसभेत खाणीवरचा एक ट्रक ड्रायव्हर माझ्यावर उखडला. "बाई, पोरांका नुसते प्रश्न शिकयतास, उत्तरां कोण शिकयतलो?"

माझंही डोकं तापलं. सगळ्या पालकांना आणि मुलांना घेऊन मी शाळेमागच्या विहिरीवर गेले. माझ्या वर्गातली मुलं तिथे रोज खडा टाकून आवाज ऐकायची आणि तो का बदलतो यावर वाद घालायची. विहीर राखणाऱ्या भुताला भिऊन आया कुजबुजल्या, "बाई, ही बांय देवचार राखता. हंय खडो टाकूचो न्हय." मी खडा ड्रायव्हरच्याच हातात ठेवला.

त्याने आधी हात जोडले, मग खडा सोडला. आम्ही डुबुक ऐकायला थांबलो. खूप खालून कोरडा आवाज आला, आतून कोणी दार ठोठावावं तसा. मग पुन्हा एकदा. आया मागे सरल्या.

"पाणी खंय गेलां?" तो हळूच म्हणाला.

त्या सभेत पालकाने खरोखर विचारलेला तो पहिला प्रश्न. मुलं खाणीच्या डोंगराकडे बघू लागली; तिथून पाणी उपसणाऱ्या पंपांचा आवाज येत होता. त्याची मुलगी मात्र बापाच्या चपलांकडे बघत होती. चपला खाणीच्या मातीने लाल झाल्या होत्या.