अप्पांची पहिली गिटार

मंडळी, आज दुपारी गुलबर्ग्यात अप्पांसाठी, म्हणजे माझ्या वडलांसाठी, गिटार घेतली. शिकायची ही हौस आई गेल्यानंतरची. बिदरला मैलूरच्या घरात ते आता एकटेच असतात.

नव्यानं शिकणाऱ्याला परवडतील अशा दोन गिटारी दुकानदारानं पुढं ठेवल्या. एक नायलॉनच्या तारांची, बोटांना मऊ पण आवाजाला हळू. दुसरी स्टीलच्या तारांची, खणखणीत, पण बोटांत रुतणारी. मी पहिलीच धरून बसले होते.

अप्पा म्हणाले, "मोठ्या आवाजाची घे."

"कामून अप्पा? बोटं सोलून निघतील की."

"तुझी आई भाकरी थापायची ते भिंतीपलीकडं शेजारच्या अक्काला ऐकू जायचं. आता घरातून आवाजच न्हाई. रोज सकाळी ती दार वाजवून बघायलीय, मी हाय का न्हाई ते. ही वाजली की तिला कळंल."

स्टीलचीच घेतली.

बोटं कमी दुखावीत म्हणून काही करता येत असेल तर सांगा. आवाज मात्र कमी व्हायला नको.