कोटअप्पांचा चर

बिदरचा गावकोट जागोजागी ढासळला होता. बैलगाडी जाईल एवढी खिंडारं. आख्खं गाव त्यातूनच ये-जा करायचं. कोटअप्पा मात्र अर्धा कोस वळसा घालून वेशीतूनच आत यायचे. कुणी विचारलं तर म्हणत, "भिंत पडली म्हणून वेस न्हाई पडली. खिंडारातून चोर येतात. मी काय चोर हाय?" वेशीत क्षणभर थांबतही, कुणी हटकतंय का म्हणून. तिथं एखादी म्हैस सोडली तर कुणी नसायचं.

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला दोन-तीन वर्षं झाली होती. अप्पा मूळचे जवळच्याच कोहिनूर गावचे, पुराणवस्तू खात्यात मोजणीदार. त्यांच्याजवळ इंग्लंडातल्या जुन्या गावकोटांवरचं एक पुठ्ठा निघालेलं पुस्तक होतं. तिकडच्या गावांबद्दल ते शेजारच्या निर्णा गावाबद्दल बोलावं तसं बोलत. "तिकडं आधी मातीचा बांध, त्यावर लाकडाचं कुंपण. दगड मागनं आला. आपल्याकडं बी तसंच असंल. आणि कोट काय नुस्ता लढाईसाठी व्हय? दुश्मन शंभर वर्षांतनं एकदा येतो, जकात चुकवणारा रोज."

तो मातीचा बांध आणि कुंपण शोधायला त्यांनी कोटाच्या पायाला लागून पुरुषभर खोल चर खणवला. मी तिथं सापडलेल्या खापऱ्या धुवायला होते. चौथीतच शाळा सुटलेली, नवरा गेल्यावर निंबर्ग्याहून एकटी आलेली. आज कामावरून काढतील की उद्या, याच धास्तीत. आकडे वाचता येतात एवढ्यावर अप्पांनी मला ठेवून घेतलं आणि "अक्का" म्हणून हाक मारली. परगावात तेवढं पुष्कळ होतं.

चराच्या उभ्या कडेत काळी, तांबडी, राखेची माती एकावर एक दिसे. अप्पांनी एकेका थराला बाभळीच्या काट्यानं आकड्याची चिठ्ठी टोचली होती. खात्याचे हैदराबादचे साहेब ते थर बघायला येणार होते, आणि मला कायम करायचं का, तेही ठरवणार होते.

आमच्याकडं पाहुणा यायचा म्हणजे भिंत सारवायची. मी सकाळी लवकर गेले, चिठ्ठ्या काढल्या, सगळी कड शेणानं झकास सारवली आणि चिठ्ठ्या परत टोचल्या. एका ओळीत, सारख्या अंतरावर. आधी फार वाकड्यातिकड्या होत्या. खाली रांगोळीही घातली.

साहेब चरात उतरले. "अप्पा, थरां किधर हैं जी?"

अप्पांनी भिंतीकडं पाहिलं, मग माझ्या हातांकडं. "अंदर हैं, साब."

"बाई दीवानी है क्या? निकालो इसे!"

मी चरातून वर चढायला लागले.

"मेरेकू निकालो, साब," अप्पा म्हणाले. "थर बोले तो क्या, मैंच नै बताया इनकू."

साहेबांनी खाली रांगोळीकडं पाहिलं. मग हसू दाबत म्हणाले, "रखो. मगर गोबर बंद."

दुसऱ्या दिवशी अप्पांनी माझ्या हातात खुरपं दिलं. ती कड आम्ही हातभर आत तासली. "हितं बोट ठेव. माती बदलायलीय, कळतंय का?" लाकडी कुंपणाची खूण काही मिळाली नाही. मी हळहळले, तर म्हणाले, "न्हाई सापडलं, हे बी लिहावं लागतं."

छप्पन साली हैदराबाद राज्य मोडलं आणि अप्पांची बदली झाली. निघण्याआधी त्यांनी चराच्या कडेचा नकाशा माझ्यापुढं पसरला. काळी माती, तांबडी, राख; आणि कडेला बारीक अक्षरात: शेण, एक बोट जाड, मंगळवार सकाळ, अक्का.

"अप्पा, खोडा की ते! लोक हसतील."

"कसं खोडू? बादशहा गेले, गवंडी गेले. ह्या कोटाला शेवटचा हात तुझा लागलाय."